चित्रावरचे चित्र : वेबकॅमद्वारे अध्यापनातील एक उपयुक्त साधन

भिंतीवर टांगलेला नकाशा आणि त्यापुढे काठी घेऊन उभे असलेले शिक्षक हे दृश्य शालेय शिक्षणात सर्वांच्या परिचयाचे आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि असंख्य शिक्षकांना वेबकॅमपुढे बसून शिकवावे लागले, तेव्हा पहिल्याप्रथम हा नकाशाच हरवला. भिंतीवरील नकाशा कॅमेऱ्याच्या टप्प्यात येई, पण त्यावरील गावांची नावे वाचता येत नसत. तो कॅमेऱ्याजवळ धरावा तर शिक्षकांचा चेहरा झाकला जाई आणि संपूर्ण पडदा नकाशाने व्यापावा तर बोलणारा माणूस दिसेनासा होई. शाळा पूर्ववत भरू लागल्यावरही दूरस्थ वर्ग, सेवांतर्गत प्रशिक्षणे व कार्यालयीन बैठका यांच्या निमित्ताने वेबकॅमचा वापर चालूच राहिला आहे आणि त्याबरोबर ही अडचणही.

या अडचणीवरचा उपाय दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना नवा नाही. बातम्या चालू असताना पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी, खेळाच्या प्रक्षेपणात कोपऱ्यात दिसणारा धावफलक, निवेदकाच्या मागे उमटणारा हवामानाचा नकाशा हे सारे हलत्या चित्रावर बसविलेले दुसरे चित्र होय. इंग्रजीतून आलेल्या व्यावसायिक परिभाषेत यास ‘ओव्हरले’ म्हणतात. एके काळी यासाठी लाखो रुपयांची यंत्रसामग्री लागे. आज साध्या संगणकावर, विनामूल्य आज्ञावलीच्या साहाय्याने तेच काम होते. मात्र साधन स्वस्त झाले म्हणून ते समजले असे होत नाही. वरच्या चित्राने खालचे काय झाकले जाते, किती झाकले जाते आणि झाकलेले पुन्हा मिळते काय, हे प्रश्न ज्याने स्वतःस विचारले नाहीत त्याच्या हाती हे साधन पुष्कळदा खेळणे ठरते.

जुनी युक्ती

एका चित्रात दुसरे मिसळण्याची युक्ती चलच्चित्राइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ मध्येच स्वतःचे मस्तक धडावेगळे करून मेजावर ठेवण्याचा चमत्कार पडद्यावर दाखविला होता. काळ्या पडद्यापुढे चित्रण करावयाचे, फीत मागे गुंडाळावयाची आणि त्याच फितीवर पुन्हा चित्रण करावयाचे, अशी ती पद्धत. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, म्हणून फितीचा तेवढा भाग कोराच राहतो व दुसऱ्या खेपेचे चित्र तेथे उमटते. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी हे दुहेरी चित्रण आत्मसात केले होते. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत. नजरबंदी कोठे होते याची त्यांना नेमकी जाण होती. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, १९१७ चा ‘लंकादहन’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांतील चमत्कारदृश्यांमागे ही जाण उभी आहे.

या पद्धतीत एक गैरसोय होती. नटाचे केस किंवा वस्त्र काळे असले तर तेही पार्श्वभूमीबरोबर नाहीसे होई. म्हणून पुढे काळ्याऐवजी निळा पडदा आला. माणसाच्या कातडीत निळा रंग अत्यल्प असतो, तेव्हा निळे तेवढे वगळले की माणूस सुटा होतो, असे त्यामागील तत्त्व. पेट्रो व्लाहोस या अमेरिकी अभियंत्याने हे तंत्र इतके सुधारले की केसांच्या बटा, धूर आणि काच यांच्या कडाही स्वच्छ सुटू लागल्या. १९५९ च्या ‘बेन हर’ या चित्रपटात त्याचा उपयोग झाला. आज संगणकावरील ‘क्रोमा की’ नावाची सोय म्हणजे याच विचाराचा गणिती अवतार आहे.

वेबकॅमचा उगम मात्र चमत्कारासाठी झालेला नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेवण्यात आला, तो भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही हे जिना न चढता कळावे म्हणून. ते चित्र १२८ गुणिले १२८ बिंदूंचे व कृष्णधवल होते. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर सर्वांना दिसू लागले आणि २००१ मध्ये तो कॅमेरा बंद करण्यात आला. दरम्यान १९९४ मध्ये ‘क्विककॅम’ हा घरगुती वापराचा स्वस्त कॅमेरा बाजारात आला. आळसातून निघालेल्या या साधनाने पुढे जगभरच्या शाळा आणि न्यायालये काही काळ चालविली, ही गोष्ट मौजेची खरी.

दोन चित्रे मिसळतात कशी?

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे बिंदूंचा तक्ता होय. प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रत्येकी एक मूल्य असते आणि ते ० ते २५५ यांदरम्यान असते. वरच्या चित्रास याखेरीज चौथे मूल्य दिलेले असते, ते अपारदर्शकतेचे. त्यास ‘अल्फा’ म्हणतात. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एड कॅटमल व अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली आणि १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी तिचे संपूर्ण गणित प्रसिद्ध केले. आजच्या प्रत्येक चित्र-आज्ञावलीत तेच गणित आहे.

ते गणित सातवीच्या विद्यार्थ्यासही समजावे इतके सोपे आहे. वरच्या चित्राच्या मूल्यास अल्फाने गुणावयाचे, खालच्या चित्राच्या मूल्यास एकातून अल्फा वजा करून उरलेल्या संख्येने गुणावयाचे आणि दोन्ही गुणाकारांची बेरीज करावयाची. समजा, एखाद्या बिंदूवर वरच्या पट्टीचे मूल्य २००, खालच्या कॅमेऱ्याच्या चित्राचे मूल्य १०० आणि अल्फा ०.६ आहे. २०० गुणिले ०.६ म्हणजे १२०, १०० गुणिले ०.४ म्हणजे ४०, एकूण १६०. पडद्यावर १६० हे मूल्य दिसेल. अल्फा शून्य असेल तर वरचे चित्र असून नसल्यासारखे होईल. अल्फा एक असेल तर खालच्या चित्राचा गुणक शून्य होईल. शून्याने गुणलेली संख्या परत मिळत नाही, ही बाब येथेच ध्यानी घ्यावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

गणित सोपे असले तरी ते किती वेळा करावे लागते? १२८० गुणिले ७२० बिंदूंच्या चित्रात ९,२१,६०० बिंदू असतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर २ कोटी ७६ लाख ४८ हजार बिंदू होतात आणि प्रत्येकाचे तीन रंग. हा भार संगणकातील चित्रसंस्कारक सहज पेलतो, परंतु जुन्या संगणकावर तो मुख्य संस्कारकावरच पडला तर चित्र अडखळू लागते. चित्रास विलंब होतो आणि आवाज मात्र वेळेवर पोहोचतो, म्हणजे ओठ मागून हलतात. अशा वेळी चित्राचा आकार कमी करावा, किंवा आज्ञावलीत आवाज तितकाच उशिरा सोडण्याची सोय असते ती वापरावी.

अल्फाचे मूल्य चित्राच्या धारिणीत साठविलेले असावे लागते. छायाचित्रांसाठी सर्वत्र वापरला जाणारा ‘जेपेग’ प्रकार हे मूल्य साठवीतच नाही. शाळेचे बोधचिन्ह पडद्यावर आणले आणि त्याभोवती पांढरा चौकोन आला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच. १९९६ मध्ये निश्चित झालेल्या ‘पीएनजी’ प्रकारात अल्फा साठविता येतो, यास्तव ओव्हरलेसाठी तोच वापरावा. केवळ धारिणीचे नाव बदलून मात्र भागत नाही, पांढरी पार्श्वभूमी खरोखर पुसलेली असली पाहिजे. तीही निष्काळजीपणे पुसली तर चिन्हाच्या कडेला पांढरी किनार राहते. याचे कारण असे की कडेच्या बिंदूंत चिन्हाचा रंग आणि कागदाचा पांढरा रंग आधीच मिसळलेले असतात. चिन्ह मुळातच पारदर्शक पार्श्वभूमीवर काढून घेणे हा यावरचा खरा उपाय आहे.

हिरवे कापड आणि हिरव्या बांगड्या

आतापर्यंत चित्र माणसाच्या पुढे ठेवण्याचा विचार झाला. नकाशा माणसाच्या मागे हवा असेल तर माणूस पार्श्वभूमीतून सुटा करावा लागतो. त्यासाठी पाठीमागे एकरंगी कापड लावावयाचे आणि त्या रंगाच्या बिंदूंचा अल्फा शून्य करावा असे आज्ञावलीस सांगावयाचे. हे कापड बहुधा हिरवे असते. हिरवा रंग कातडीच्या रंगापासून दूर आहे हे एक कारण. दुसरे कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटानुसार कॅमेऱ्याच्या संवेदकात लाल व निळ्या बिंदूंच्या दुप्पट हिरवे बिंदू असतात, त्यामुळे हिरव्या रंगाची नोंद अधिक तपशिलाने होते.

पण आपल्या राज्यात या हिरव्या कापडाचा विचार थोडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. हातात हिरवा चुडा भरलेल्या शिक्षिका अशा कापडापुढे उभ्या राहिल्या की मनगट आणि हात यांच्यामध्ये नकाशा दिसू लागतो. हिरव्या काठाच्या साडीची तीच गत होते. वनस्पतींचा पाठ घेताना हातातील पानच नाहीसे होते आणि मुले मोकळ्या मुठीकडे पाहत राहतात. अशा वेळी बांगड्या उतरविण्याचा सल्ला देण्यापेक्षा कापड निळे घ्यावे. शाळेच्या गणवेशात निळा रंग असेल तर मात्र विद्यार्थ्यांसाठी पुन्हा हिरवेच बरे. आज्ञावलीस दोन्ही रंग सारखेच.

कापडापेक्षाही प्रकाश महत्त्वाचा, असे या कामातील माणसे सांगतात ते खरे आहे. कापडास चुण्या असल्या की त्यांच्या सावल्या आज्ञावलीस निराळा रंग वाटतात व पार्श्वभूमीत मळकट डाग उरतात. माणूस कापडास चिकटून उभा राहिला तर कापडाचा हिरवा उजेड गळ्यावर व गालावर पडतो, म्हणून एक-दीड मीटर अंतर असावे. दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वेबकॅम आपला उजेड आणि रंगसंतुलन आपोआप बदलीत असतो. ढग आला, कोणी खिडकी उघडली, की साऱ्या चित्राचा रंग किंचित सरकतो आणि पाच मिनिटांपूर्वी स्वच्छ सुटलेले चित्र बिघडते. कॅमेऱ्याच्या मांडणीत जाऊन ही स्वयंचलित दुरुस्ती बंद करावी.

एवढे करूनही वेबकॅमच्या चित्रात केसांच्या कडा चित्रपटाप्रमाणे सुटणार नाहीत, आणि त्यात कोणाची चूक नाही. १९२० गुणिले १०८० बिंदूंची तीस चित्रे दर सेकंदास, संकोचन न करता पाठवावयाची तर जवळजवळ १०० कोटी बिट दर सेकंदास न्यावे लागतात. यूएसबी २ या जोडणीची कमाल मर्यादा ४८ कोटी आहे. म्हणून कॅमेरा चित्र दाबून पाठवितो, आणि दाबताना उजेडाचा तपशील राखून रंगाचा तपशील टाकतो. डोळ्यास हा फरक जाणवत नाही, परंतु रंग पाहूनच कात्री चालविणाऱ्या आज्ञावलीस ती कडा जाडीभरडी दिसते.

कापडाशिवाय माणूस सुटा करण्याची सोय आता बैठकांच्या बहुतेक आज्ञावलींत आहे. माणसांची असंख्य चित्रे दाखवून संगणकास माणसाची आकृती ओळखण्यास शिकविलेले असते. दोन खोल्यांच्या घरातून शिकविणाऱ्या शिक्षकांस तिचा मोठाच आधार झाला. मागची वाळत घातलेली कपड्यांची दोरी, झोपलेले वृद्ध आईवडील हे चाळीस मुलांच्या घरी का दिसावे? परंतु शिकविलेल्या चित्रांत जी माणसे कमी, त्यांना ओळखण्यात हे तंत्र कमी पडते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातील एका अध्यापकाने आपल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याच्या बाबतीत बैठकीच्या आज्ञावलीने पार्श्वभूमीबरोबर त्यांचे मस्तकही पुसून टाकल्याचे जाहीरपणे दाखवून दिले. मंद उजेड, सावळा वर्ण, डोक्यावरचा पदर किंवा फेटा अशा परिस्थितीत हे तंत्र आपल्या माणसांवर, आपल्या खोलीत आधी तपासून घ्यावे. तपासणीस दोन मिनिटे लागतात.

एक उदाहरण : गोदावरीचा पाठ

प्रत्यक्ष कृती कशी करावयाची हे पाहण्यासाठी ‘ओबीएस स्टुडिओ’ ही आज्ञावली घेऊ. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. ती मुक्त व विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. भ्रमणध्वनीवर ती चालत नाही. मुक्त आज्ञावलीचाच आग्रह येथे धरण्यास कारण आहे. चेहऱ्यावर गमतीदार चित्रे बसविणारी ‘स्नॅप कॅमेरा’ ही संगणकावरील आज्ञावली २०१८ मध्ये आली, लोकप्रिय झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ती बंद केली. ज्यांनी तिच्यावर आपले कार्यक्रम उभे केले होते त्यांना ते पुन्हा उभे करावे लागले.

समजा, गोदावरी नदीचा पाठ घ्यावयाचा आहे. कागदावर किंवा संगणकावर तीन नकाशे तयार करावेत. पहिल्यावर केवळ राज्यांच्या सीमा. दुसऱ्यावर केवळ नद्या, म्हणजे मुख्य प्रवाह आणि प्रवरा, मांजरा, पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती या उपनद्या. तिसऱ्यावर केवळ गावे : त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री. (फाळके यांचे जन्मगावही त्र्यंबकेश्वरच, हे मुलांना जाता जाता सांगता येईल.) तिन्ही चित्रे बरोबर १२८० गुणिले ७२० बिंदूंची, पारदर्शक पार्श्वभूमीची आणि पीएनजी प्रकारची असावीत. नकाशा डाव्या दोनतृतीयांश भागात बसवावा आणि उजवा भाग रिकामा ठेवावा, तेथे शिक्षक दिसतील.

ओबीएसच्या मांडणीत चित्राचा मूळ आकारही तेवढाच ठरवून द्यावा. मग ‘सोर्सेस’ या चौकटीत अधिकचे चिन्ह दाबून प्रथम ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ निवडावे, म्हणजे वेबकॅमचे चित्र येते. नंतर ‘इमेज’ निवडून एकेक नकाशा जोडावा. या यादीत जे वर ते पडद्यावर पुढे, असा नियम आहे. कॅमेरा सर्वांत खाली, त्यावर सीमा, त्यावर नद्या आणि त्यावर गावे. तिन्हींचा आकार सारखा असल्याने ती न सरकविता एकमेकांवर अचूक बसतात. प्रत्येक नावापुढे डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबले की तो थर दिसतो किंवा लपतो. पाठाच्या आरंभी केवळ सीमा दाखवाव्यात. १,४६५ किलोमीटर लांबीची ही नदी पश्चिमेस समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून पूर्वेकडे का जाते, हा प्रश्न विचारावा, उत्तरे येऊ द्यावीत आणि मगच नदीचा थर उघडावा. गावे शेवटी. भिंतीवरच्या छापील नकाशात सारेच एकदम दिसते. येथे शिक्षकास मुलांच्या विचाराच्या गतीने नकाशा भरता येतो. ओव्हरलेचा शैक्षणिक लाभ मुख्यतः या एका गोष्टीत आहे. फुलांच्या चौकटी आणि चमचमते तारे यांनी तो साधत नाही.

नकाशा कॅमेऱ्याच्या चित्रावर स्पष्ट उठून दिसत नसेल तर सीमांच्या नकाशात फिकट रंग भरावा. तो फार गडद वाटल्यास त्या थरावर ‘फिल्टर्स’मधील ‘कलर करेक्शन’ लावून ‘ओपॅसिटी’ कमी करावी, म्हणजेच वर सांगितलेला अल्फा बदलावा. पाठीमागे कापड लावून नकाशा मागे न्यावयाचा असेल तर कॅमेऱ्याच्या थरावर ‘क्रोमा की’ लावावी आणि सीमा, नद्या व गावे यादीत कॅमेऱ्याच्या खाली न्यावीत. तेथे ‘सिमिलॅरिटी’ नावाची पट्टी आरंभी ४०० या आकड्यावर असते. डाग राहिले तर ती थोडी वाढवावी, माणूस विरघळू लागला तर कमी करावी. सर्व जुळल्यावर ‘स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा’ दाबावे. आता बैठकीच्या आज्ञावलीत कॅमेरा निवडताना नेहमीच्या वेबकॅमऐवजी ओबीएसचा आभासी कॅमेरा निवडला की समोरच्या सर्वांना मिश्र चित्र दिसते.

येथे बहुतेकांची एक फसगत होते. बैठकीच्या आज्ञावलीत स्वतःचे चित्र पाहावे तो नकाशा उलटा, अक्षरे आरशातल्यासारखी! घाबरून चित्र उलटविले जाते, आणि मग समोरच्यांना ते खरोखरच उलटे दिसते. वास्तविक स्वतःचा चेहरा आरशातल्याप्रमाणे पाहण्याची आपणांस सवय असते, म्हणून या आज्ञावली केवळ आपल्यापुरते चित्र उलटवून दाखवितात. समोरच्यांना ते सरळच दिसत असते. शंका असल्यास दुसऱ्या उपकरणावरून बैठकीत प्रवेश करून पाहावे, चित्रास हात लावू नये. याउलट ओबीएसच्या स्वतःच्या खिडकीत चित्र सरळ असते, त्यामुळे पैठणकडे बोट दाखविताना हात भलत्याच बाजूस जातो. हवामानाचा नकाशा सांगणारे निवेदकही मागे काही नसताना बाजूच्या पडद्याकडे पाहूनच बोट दाखवितात. त्यांना जमते ते सरावाने.

अक्षर केवढे असावे?

शिक्षकांच्या संगणकावर सुवाच्य असलेले अक्षर विद्यार्थ्यास वाचता येईलच असे नाही. घरी एकच भ्रमणध्वनी, तोही उभा धरलेला, अशी स्थिती अनेक मुलांची असते. अशा उपकरणाच्या पडद्याची रुंदी सुमारे ७ सेंटिमीटर धरली तर त्यात आडवे चित्र सुमारे ४ सेंटिमीटर उंचीचे होते. ७२० बिंदूंची उंची ४ सेंटिमीटरमध्ये मावली, म्हणजे ३६ बिंदू उंचीचे अक्षर २ मिलिमीटरचे झाले. रोमन अक्षर एवढ्यातही कदाचित वाचले जाईल. देवनागरीत त्याच उंचीत वरची वेलांटी व मात्रा आणि खालचा उकार बसवावयाचे असतात, म्हणून २ मिलिमीटर अपुरे पडतात. अक्षर ७२ बिंदूंचे घ्यावे, म्हणजे ते ४ मिलिमीटरचे होईल. तेवढ्या आकारात नकाशावर पंधरा गावे मावणार नाहीत. पाच मावतील, आणि एका तासासाठी पाच पुरेत.

शिवाय जाल मंद असले की बैठकीची आज्ञावली चित्र आपोआप लहान करते. ७२० ओळींचे चित्र ३६० ओळींवर येते, तेव्हा एक बिंदू जाडीची रेघ नाहीशी होते. नदीची रेघ निदान सहा बिंदू जाडीची असावी. स्थिर ओव्हरलेचा जालावर फारसा भार पडत नाही, कारण न बदलणारा भाग पुनःपुन्हा पाठवावा लागत नाही. सरकत्या पट्ट्या आणि फिरती चिन्हे मात्र हा भार वाढवितात, आणि तो वाढला की धूसर होतो तो शिक्षकांचा चेहरा.

देवनागरीपुरती आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. थेट चित्रावर अक्षरे लिहिणाऱ्या काही आज्ञावली जोडाक्षरांची व वेलांटीची मांडणी जाणत नाहीत. मग ‘शिक्षण’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. आज्ञावली स्वतः लिहिणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘ओपनसीव्ही’ हा संच परिचित असतो. त्याच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आवृत्त्यांतील अक्षरलेखनाची साधी आज्ञा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हेच उमटविते. सर्वांत निर्धोक मार्ग असा की मराठी मजकूर आधी लेखनाच्या आज्ञावलीत नीट जुळवून त्याचेच पारदर्शक चित्र करावे आणि ते चित्र म्हणून वर बसवावे. चित्रातील वेलांटी जागा सोडीत नाही.

झाकलेले परत मिळत नाही

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एका जिल्हा न्यायालयाची सुनावणी दूरदृश्य पद्धतीने चालू असता एक वकील पडद्यावर मांजराच्या पिलाच्या रूपात उपस्थित झाले. संगणकात आधीपासून चालू राहिलेले ओव्हरले त्यांना काढता येईना, आणि आपण मांजर नाही असे त्यांना न्यायाधीशांस सांगावे लागले. जग त्यावर हसले. पण त्या पिलाचे डोळे व ओठ वकिलांच्या डोळ्यांबरोबर व ओठांबरोबर हलत होते, ही गोष्ट हसण्यापलीकडची आहे. चेहऱ्यातील डोळे, नाक, ओठ यांच्या जागा संगणक क्षणोक्षणी शोधतो आणि त्या जागांवर चित्र ताणून बसवितो. चेहरा वेगाने शोधण्याची रीत पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये मांडली होती. २०१५ पासून ‘स्नॅपचॅट’मुळे असे मुखवटे घरोघर पोहोचले. साक्षीदाराची मुद्रा, उत्तर देताना घेतलेला विराम, नजर कोठे वळली, हे ज्या ठिकाणी पाहावयाचे असते तेथे मांजराच्या जागी दुसऱ्या माणसाचा चेहराही बसू शकतो. तेव्हा सुनावणी, तोंडी परीक्षा किंवा मुलाखत यांच्या आरंभी सर्व प्रकारची ओव्हरले बंद असल्याची खातरजमा करणे हे संबंधित अधिकाऱ्यांचे काम ठरते.

सभांच्या चित्रणाबाबत प्रश्न अधिक साधा, पण नेहमीचा आहे. ग्रामपंचायतीच्या सभेचे चित्रण करताना पडद्याच्या तळाशी पंचायतीचे नाव, तारीख व विषय यांची ठसठशीत पट्टी असावी असे सर्वांनाच वाटते. ती बसविली जाते, चित्रण साठविले जाते, आणि पुढे कधी ठरावावर हात कोणी वर केला याविषयी वाद निघाला की पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेल्या महिला सभासद नेमक्या त्या पट्टीखाली गेल्याचे लक्षात येते. पट्टीचा अल्फा एक होता, म्हणजे खालच्या चित्राचा गुणक शून्य. साठविलेल्या चित्रणात त्या महिलांचा एकही बिंदू उरलेला नसतो, आणि कोणत्याही प्रयोगशाळेस तो परत आणता येणार नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. शक्य असल्यास ओव्हरलेविरहित मूळ चित्रण दुसऱ्या उपकरणावर स्वतंत्रपणे करून दप्तरी ठेवावे. ते शक्य नसेल तर ओबीएसमध्ये कॅमेऱ्याचे चित्र कोपरा धरून ८५ टक्के आकाराचे करावे व ते वरच्या कडेस लावावे. १२८० गुणिले ७२० च्या पडद्यावर ते १०८८ गुणिले ६१२ बिंदूंचे होते, आणि तळाशी १०८ ओळींची मोकळी जागा उरते. ७२ बिंदूंचे अक्षर असलेली पट्टी त्या जागेत व्यवस्थित बसते. बाजूस १९२ बिंदूंची उभी जागा राहते, तेथे बोधचिन्ह ठेवता येते. चित्र थोडे लहान होते, पण शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत सारे सभासद त्यात असतात.